बेचाळीस किलोलिटर

भांडुपला, एलबीएस मार्गाच्या आतल्या गल्लीत,
डाइंगच्या कारखान्यात मी हिशेब लिहिते.
गॅसची पाइप फाटकापर्यंत आली आहे,
पिवळी, अजून कुणाचा हात न लागलेली,
आणि फॉर्म माझ्या टेबलावर:
महिन्याला फर्नेस ऑइल किती जळते
ते कृपया एमएमबीटीयूमध्ये लिहावे.

बेचाळीस किलोलिटर. हे मला पाठ आहे.
टँकरची चलनं मीच फाइलला लावते,
प्रत्येकावर एक काळा अंगठा, कुणाचा ना कुणाचा.
आधी लिटरचे किलो करायचे,
कारण तेल येतं मापाने आणि जळतं वजनाने.
गुणिले पॉइंट नऊ पाच.
किलोच्या किलोकॅलरी, दहा हजार दोनशेने.
भागिले दोन लाख बावन्न हजार.
सोळाशे पंधरा.

"सोळाशे पंधरा काय?"
केरोबा घडशी दारात उभे.
सेकंड क्लास बॉयलर अटेंडंट, एकतीस वर्षं.
टाकीत पट्टी बुडवतात, ओल्या रेघेवर बोट ठेवतात
आणि सांगतात, उद्या दुपारपर्यंत पुरेल.
पुरतं.

मी सांगते, एक बीटीयू म्हणजे
एक पौंड पाणी एक अंशाने तापवायला लागते तेवढी ऊब.
अंशही फॅरनहाइटचा.
"पौंडात पाणी मोजणारा
कधी नळावर रांगेत उभा नसेल राहिला."

बरं, काडेपेटी घ्या.
एक काडी टोकापर्यंत जळली की साधारण एक बीटीयू.
पुढचे दोन एम म्हणजे हजार गुणिले हजार.
ते ओठ हलवत राहतात बराच वेळ.
"दर महिन्याला एकशे एकसष्ट कोटी काड्या?
आणि मी एकाच काडीने काकडा पेटवत आलो!"

गॅस कंपनीचा पोरगा येऊन गेला, कडक बाह्यांचा.
एका लिटरला एक घनमीटर, वर तीन टक्के, म्हणाला,
आणि आमचा चहा अर्धा ठेवून उठला.
रात्री घरी मी ते परत मांडलं, भाजी निवडता निवडता.
त्याने दोन्हीकडे ग्रॉस धरलं होतं.
जळताना तेलाचंही पाणी होतं, गॅसचंही,
पण गॅसचं जास्त.
ते वाफ होऊन चिमणीतून वर जातं,
जाताना विकत घेतलेली ऊब सोबत नेतं.
बिल ग्रॉसवर येणार.
कापड नेटवरच रंगणार.
तिनाचे आठ टक्के झाले,
महिन्याला एकवीसशे घनमीटर जास्त.

हे केरोबांना कसं सांगावं, शब्द शोधत होते.
त्यांनी वरच्या खिशातून घडीची चिठ्ठी काढली,
या महिन्याच्या पगाराची.
"हे असंच ना?
वर लिहिलेलं एक. हातात आलेलं एक."
यापुढे मला काही समजवावं लागलं नाही.

खरं सांगायचं तर गॅस यावा असं मलाही वाटतं.
मागच्या चाळीतल्या बायका
काजळी झाडायच्या वेळी दोऱ्या रिकाम्या ठेवतात,
एकीने मला एकदा झबलं आणून दाखवलं होतं,
नुसतं दाखवलं, बोलली नाही.
आणि नव्या बर्नरला काडी लागत नाही, तो स्वतःच ठिणगी पाडतो.
तीन पाळ्यांना दोन माणसं पुरतील, असं साहेब म्हणाले,
माझ्याकडे न बघता.
या वजाबाकीचा गुणक कुठल्याच तक्त्यात नव्हता.

शनिवारी केरोबांनी शेवटची पट्टी टाकली.
पुसली नाही, तशीच आणून
माझ्या टेबलाशी भिंतीला टेकवली.
"तळाला साडेचार इंच आहे. पंप ओढत नाही ते.
घट्ट झालंय, माझ्याआधीचंही असेल त्यात."
फॉर्ममध्ये त्याला रकाना नाही.
समासात लिहिलं मी, पेन्सिलने,
साडेचार इंच.
त्याचं रूपांतर केलं नाही.